चौथा पेला

दहब, ९ जानेवारी

अतवा,

हे पत्र रबीअ ट्रकवाल्याच्या हाती देतो आहे. तो नुवेबाला ट्रक बोटीत चढवेल, अकाबाला उतरवेल आणि मग रस्त्याने समोरच्या किनाऱ्यावर, मक्न्याला तुझ्यापर्यंत येईल. सरळ रेघ मारली तर तू माझ्यापासून बावीस किलोमीटरवर आहेस. नकाशावर पट्टी लावून मोजलं आहे. पत्राला मात्र दोन दिवस आणि तीन देशांचे शिक्के लागतात. फोनवर माझा आवाज ऐकलास की तू ठेवून देतोस. पत्र ठेवून दिलं तरी ते घरातच राहतं, म्हणून पत्र.

चार वर्षांनी लिहितोय म्हणजे माझं काही अडलंय असं समजू नकोस. बुडी मारताना कमरेला बांधायचास तो तुझा शिशाचा पट्टा इथे पडून आहे. सहा किलो, दोन-दोनच्या तीन लाद्या. बक्कल गंजलं होतं, ते मी बदललं. पट्टा ठेवू की कोणाला देऊ, एवढं कळव. बाकी ठीक आहे. माझी तब्येत ठीक आहे. कानाचा त्रास नाही. आई ठीक आहे.

सहा दिवस झाले, वारा उत्तरेचाच आहे. बाबांच्या खाचेत पाणी फेसाने पांढरं झालंय. बुड्या मारायला नेणारे दुकानवाले आपापली माणसं जीपमध्ये घालून दक्षिणेला आडोशाला नेतात. मी जात नाही. बाबांनी ऑक्टोपस धरता धरता खडकातली ती वाट शोधली, तिथून उतरलो तर उतरलो, नाहीतर किनाऱ्यावर बसलो.

आता मी ज्याच्या सोबतीने पाण्यात उतरतो त्याचं नाव मला आदल्या संध्याकाळी कळतं. आडनाव कळतच नाही. परवा एक आला. तीनशे वेळा उतरलोय म्हणाला. पट्ट्याचं बक्कल डाव्या हाताला उघडत होतं, उजव्या हाताला हवं. मी म्हटलं, तीनशेएकाव्या वेळी नीट बांधा, आणि त्याला किनाऱ्यावर आईच्या झावळ्यांच्या शेडमध्ये चहा प्यायला बसवलं. चहा पिऊन गेला तो परत आला नाही.

प्रत्येक नव्या माणसाला मी तेच सांगतो. तुझ्या कानांना ते पाठ असेल, तरी लिहितो, कारण माझ्याकडून एकही शब्द गळत नाही हे तुला दिसावं. मी मागे राहणार. माझा हात तुमच्या खांद्यावर असेपर्यंत चालायचं, हात उचलला की थांबायचं. लाटांच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून हाक मारायची नाही, हात ठेवायचा. मोठ्या लाटा पाच-सात येतात, मग पाणी दम घेतं, तेव्हाच खाचेत शिरायचं. आणि उतरण्याआधी प्रत्येकाने आपला चहाचा पेला आपल्या हाताने उपडा घालायचा. बाहेर आल्यावर आपल्या हाताने सुलटा करायचा. दुसऱ्याचा पेला कोणी शिवायचा नाही. उपडे पेले जितके, तितकी माणसं पाण्यात. सगळे सुलटे झाले की आई चहा ओतते.

माणसं हसतात. फोटो काढतात. काढू देत.

त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. पेला उपडा होता, एवढंच. ते तूही नाकारलं नव्हतंस.

स्वैलम


दहब, २८ जानेवारी

अतवा,

रबीअ म्हणाला, तू पत्र उभ्यानेच घेतलंस, खिशात घातलंस आणि इकडच्या टोमॅटोचा भाव विचारलास. वरच्या खिशात की खालच्या, हे मी त्याला विचारलं. वरच्या म्हणाला. उत्तराचं पाकीट मात्र त्याच्याजवळ नव्हतं. पट्ट्याचं काय करायचं ते तू सांगितलं नाहीस, म्हणून तो अजून खुंटीवरच आहे.

इथे दोन माणसं आली आहेत. एक मेधत म्हणून कैरोचा दाताचा डॉक्टर. वय माझ्याएवढंच, पोट माझ्या दुप्पट. सामान सगळं नवं, अजून रबराचा वास येतो. तो मला उस्ताद म्हणतो आणि प्रत्येक वाक्याला हसतो. दुसरी इलोना, हंगेरीची बाई, पस्तिशीची असावी. तिकडे थंड, काळोख्या तळ्यांमध्ये उतरते. थोडं अरबी बोलते, एरवी बोलतच नाही. तिने आपली नळी, पट्टा, हवेचा काटा तीनदा तपासला आणि मग माझंही तपासलं. माझ्या हवेच्या टाकीची चावी अर्धा फेरा कमी उघडी होती. तिने ती फिरवली.

वारा दोन दिवस पडला तेव्हा आम्ही तिघे खाचेतून तीनदा उतरलो. मेधत पाण्यात उलट्या पडलेल्या कासवासारखा हात मारतो, पण घाबरत नाही. इलोना जिथे असायला सांगावं तिथेच असते. चांगली माणसं आहेत. तरी सोळा मीटर खोल, जिथे खडकाची भिंत वळते आणि पाण्याची ओढ लागते, तिथे मी डावीकडे बघतो. तिथे कोणी नसतं. ते दोघे उजवीकडे असतात, कारण मीच त्यांना उजवीकडे ठेवलंय. एकोणीस वर्षांची सवय आहे, दुसरं काही नाही.

डॉक्टर परवा चहा पिताना म्हणाला, "उस्ताद, मी तुमच्या डाव्या हाताला बसलो की तुम्ही माझं बोलणं झाल्यावर हसता. उजव्या हाताला बसलो की बोलता बोलता हसता." मी म्हटलं, तुमचे विनोदच तसे आहेत. त्याने माझ्या कानाकडे बघितलं. दातांच्या डॉक्टरने दात बघावेत.

तुझा पेला फळीवर माझ्या पेल्याच्या डावीकडे आहे. बुडाला काचेत तो फुगलेला बुडबुडा आहे तोच. आई दर गुरुवारी तो धुते. मी सांगितलेलं नाही, तीच धुते.

त्या दिवसाबद्दल लिहिणार नाही असं मी म्हटलं होतं, पण रबीअ म्हणतो तिकडे लोक मला दोष देतात. म्हणून नीट लिहून ठेवतो. मार्च महिना होता. लाट डोक्याएवढी. तू आणि आपण खाली नेलेला तो जर्मन पाहुणा पुढे बाहेर पडलात, मी मागे होतो. मी वर आलो तेव्हा किनाऱ्यावर आई एकटी, जर्मनचा पेला सुलटा आणि तुझा उपडा; लाटांच्या आवाजात कोण आलं-गेलं ते आईलाही कळलं नव्हतं. मी नवी टाकी लावली आणि परत शिरलो. पन्नास मिनिटं शोधलं. भिंतीच्या प्रत्येक कपारीत. शेवटी जिथे जायचं नाही त्या खोलीपर्यंत गेलो, आणि एवढ्या घाईने की कान दाबून मोकळा करायलाही थांबलो नाही. आणि तू तेव्हा कोरडा होतास, चार किलोमीटरवर.

म्हणून शुक्रवारी माणसं कॉफीला जमली असताना मी म्हणालो की जो माणूस एक पेला सुलटा करायला विसरतो, त्याच्यासोबत कोणी पाण्यात उतरू नये. आवाज चढवला नव्हता. नियमाला धरून बोललो. तू उठलास, कप तसाच ठेवलास आणि सोमवारच्या बोटीने गेलास.

यात खोटं असेल तर दाखव.

स्वैलम


दहब, १३ फेब्रुवारी

अतवा,

इथे एक अपघात झाला. दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक.

मंगळवार होता. वारा पुन्हा सुरू झाला होता, पण पहाटे जरा दबलेला. डॉक्टरची ती शेवटची सकाळ. मी नाही म्हटलं. तेव्हा तो हसत हसत म्हणाला, "म्हणजे बाजारात म्हणतात ते खरं. भाऊ गेल्यापासून उस्ताद किनाऱ्यावर बसून चहाच पितो." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला वाटलं गंमत आहे. इलोनाने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि अरबीत म्हणाली, "आज चहाच पिऊ." मी ऐकलं नाही. पाणी बघून निर्णय घ्यायचा असतो, मी माणसांची तोंडं बघून घेतला. हे मी मान्य करतो. पुढे वाच.

उतरताना त्रास झाला नाही. खाली चौतीस मिनिटं होतो. परत येईपर्यंत वाऱ्याने जोर धरला. खाचेच्या तोंडाशी खडकाला धरून लाटा मोजल्या, आधी इलोनाला सोडलं. ती गुडघ्यांवर रांगत बाहेर गेली, जशी जायला हवी तशी. मग डॉक्टर. त्याने उभं राहायचा प्रयत्न केला. लाटेने त्याला उचललं, पालथं केलं, आणि पायातला एक रबरी पंख गेला. तो कसाबसा कडेला आला, इलोनाने त्याला ओढून घेतलं. पंख माझ्या डोळ्यांदेखत खाली गेला. मी वस्तू मागे सोडत नाही. मी परत खाली गेलो. आठ मिनिटं लागली.

मी पंख घेऊन वर आलो तेव्हा डॉक्टर वाळूवर बसून खारं पाणी ओकत होता आणि इलोना नव्हती.

झालं असं. आईने पेले चाचपले. दोघांनी आपापले पेले सुलटे केले होते. उपडा एकच असायला हवा होता, माझा. आई म्हणाली, दोन आहेत. पाण्यात अजून एक माणूस आहे. डॉक्टरने धापा टाकत ते इलोनाला सांगितलं. आपण तिघेच उतरलो होतो असं तोही म्हणाला नाही, त्याला वाटलं आधीपासून कोणी पाण्यात असेल. इलोनाने काट्यावर बघितलं, दोनशेतली नव्वद हवा उरली होती. तिने मास्क लावला आणि एकटी खाचेत शिरली. तिच्या खांद्यावर कोणाचा हात नव्हता.

आईची मोजणी चुकली. आता वय झालंय, डोळ्यांनी तिला जवळजवळ काहीच दिसत नाही, बोटांवर चालतं सगळं. चूक होते.

माझ्या टाकीत सत्तर होतं. नवी टाकी लावायला तीन मिनिटं लागली असती. ती मी घेतली नाहीत. गेलो.

ती सोळा मीटरवर सापडली, भिंतीच्या वळणावर. टॉर्च लावून एकेक कपार बघत होती, खालून वर, वरून खाली, एक हात सरकून पुन्हा खालून वर. मी शिकवल्यासारखं, पण मी शिकवलं नव्हतं. मी तिचा दंड धरला आणि वर चल अशी खूण केली. तिने नाही म्हणून मान हलवली आणि चार बोटं दाखवली. मी तीन दाखवली. तिने चार. मी पुन्हा तीन दाखवली, माझ्याकडे, तिच्याकडे आणि वर किनाऱ्याकडे बोट केलं. तिने माझा हात झटकला आणि पुढच्या कपारीत टॉर्च घातला. तिच्या काट्यावर चाळीस होतं. अतवा, पाण्यात माणसाला कसं सांगायचं की हरवलेला माणूस मुळात नाहीच? त्याची खूण नाही. बुडालेल्याची आहे, हवा संपल्याची आहे, कान दुखतो याची आहे.

शेवटी कशीबशी समजूत पटली. बाहेर पडताना लाटेने दोघांनाही खडकावर टाकलं. तिचं डावं मनगट मोडलं. माझं काही विशेष नाही, गुडघ्याला टाके आहेत. दवाखान्यात प्लास्टर झालं. ती बरी आहे. डॉक्टरने आपलं कैरोचं तिकीट पुढे ढकललं आणि तिच्यासाठी सूप आणत बसला.

काळजीचं कारण नाही. आता आईला मोजायला बसवत नाही.

स्वैलम


दहब, २० फेब्रुवारी

अतवा,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. कुठे ते सांगतो. "आईची मोजणी चुकली" इथपासून "चूक होते" इथपर्यंत खोडून टाक. आणि शेवटची ओळ, आईला मोजायला बसवत नाही ही, तीही खोड. पेन नसेल तर रबीअकडे आहे, मी दिलंय त्याच्याजवळ.

आईने दोन उपडे पेले मोजले कारण दोन उपडे होते.

त्या सकाळी वाऱ्याने वाळू उडत होती, ते दोघे टाक्या पाठीवर घेऊन उभे होते. पेले फळीवरच राहिले होते. तुम्ही चला, मी घालतो, असं म्हणालो. दुसऱ्याचा पेला शिवायचा नाही हा नियम बाबांनी घातला, मी चार वर्षं प्रत्येक परक्या माणसाला तो ऐकवला, आणि मीच मोडला. हात गार होते. माझा पेला घेतला, उपडा घातला. मग त्याच्या डावीकडचा घेतला, उपडा घातला. मग त्या दोघांचे. चार. हात आपोआप चालला, मी समुद्राकडे बघत होतो.

आईने चाचपून बघितलं तेव्हा ती "दोन आहेत" असं म्हणालीच नव्हती. डॉक्टरने मला नंतर सांगितलं. तिने पहिल्या पेल्यावर बोट ठेवलं, म्हणाली, हा स्वैलमचा. दुसऱ्याच्या बुडावर बोट फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं. आणि म्हणाली, "अतवा पाण्यात आहे. अतवा अजून बाहेर आला नाही."

डॉक्टरला अतवा कोण ते ठाऊक नव्हतं. इलोनालाही नव्हतं. दोन परक्या माणसांनी एका आईचं बोलणं खरं मानलं, एवढंच त्यांचं चुकलं.

दवाखान्याच्या ओट्यावर दुकानवाले जमले, काय झालं म्हणून विचारू लागले. आई शेजारी बसली होती. मी तिच्यासमोर म्हणालो की म्हातारी आहे, मोजताना चुकली. घरी आल्यावर चहा केला आणि मला दिला. साखर नव्हती. तिने साखरेचा डबा आपल्या मांडीवर धरून ठेवला होता. मी प्यायलो. आठ दिवस झाले, तसाच पितो आहे.

पाण्याखाली इलोनाची समजूत कशी पटली तेही मी लिहिलं नाही. माझ्याकडे पाण्याखाली लिहायची पाटी होती. मला अक्षर येतं, चाळिशीत शिकलो, तू हसला होतास, पण तिला वाचता येईल असं अक्षर मला येत नाही. मी चार पेले काढले, उपडे. तीन पेल्यांखाली तीन माणसं काढली. चौथ्याखाली काही काढलं नाही. मग त्या चौथ्यावर बोट ठेवलं आणि तेच बोट माझ्या छातीवर ठेवलं. हा मी घातला. तिने टॉर्च माझ्या तोंडावर धरला. मग वर चल अशी खूण तिनेच केली.

तिच्या हाताला प्लास्टर घालत होते तेव्हा तिने मला विचारलं, "चौथा कोण?"

मी म्हटलं, "माझा भाऊ."

"कधी बुडाला?"

"बुडाला नाही. समोर आहे, पलीकडच्या किनाऱ्यावर."

तिने खिडकीकडे बघितलं. खिडकीतून तुमच्या बाजूचे डोंगर दिसतात. म्हणाली, "मग मी चुकीच्या जागी शोधत होते."

ती हसत नव्हती.

मी लिहिलं होतं, खोटं असेल तर दाखव. तू दाखवणार नाहीस, तू तसा नाहीस, म्हणून मीच दाखवतो. त्या मार्चमध्ये तू पेला सुलटा करायला विसरलास, कारण त्या जर्मनची पोटरी खडकाने घोट्यापासून गुडघ्यापर्यंत फाडली होती आणि तू त्याला पाठीवर घेऊन दवाखान्याकडे पळत होतास. हे मला त्याच संध्याकाळी कळलं. तुझ्या सदऱ्यावरचं रक्त मी बघितलं. शुक्रवारी कॉफीला बोललो तेव्हा मला सगळं ठाऊक होतं, आणि ते मी गिळलं. तूही गिळलंस. तू एकदा तरी म्हणायचंस की माझ्या पाठीवर माणूस होता.

मी असं का केलं, यावर मी चार वर्षं विचार केला नाही. या आठ दिवसांत केला. पन्नास मिनिटं मी कपारींत तुला शोधत होतो ना, त्यातली वीस मिनिटं मी जिवंत माणूस शोधत होतो. पुढची तीस मी आईकडे काय घेऊन जायचं ते शोधत होतो. मास्कच्या आत रडलो. मास्कमध्ये पाणी साचलं तर काढता येतं, ते मी काढत होतो आणि पुन्हा शोधत होतो. मग वर आलो, आणि तू बाजारातून चालत आलास, हातात रोटी. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण तो मला सापडायच्या आधी राग सापडला. मी रडलो हे माणसांसमोर सांगता आलं नसतं. पेल्याबद्दल सांगता आलं.

कानाचा त्रास नाही असंही लिहिलं होतं. डावा कान त्याच दिवशी गेला. सुएझच्या डॉक्टरने पाण्यात उतरू नका म्हणून सांगितलंय. हे फक्त तुला माहीत आहे. आणि दातांच्या डॉक्टरला, त्याने ओळखलं.

स्वैलम


दहब, ९ मार्च

अतवा,

काल शुक्रवार होता. त्याच माणसांना बोलावलं, त्याच जागी, कॉफी मीच दळली. तेव्हाच्या बारा जणांपैकी दोघे वारले, एक कैरोला मुलाकडे असतो. नऊ आले. तेव्हा मी बसून बोललो होतो. काल उभा राहिलो. जर्मनची पोटरी, तुझी पाठ, माझं गप्प बसणं, त्या मंगळवारचे चार पेले, आणि आईवर ढकललेली चूक, सगळं क्रमाने सांगितलं. म्हातारा हमीद म्हणाला, "स्वैलम, एवढं सविस्तर कोणी विचारलं नव्हतं." लोक हसले. बरं वाटलं. मग तोच म्हणाला, "फडकं आणलंयस का?" आणलं होतं. दोन मीटर, पांढरं, सुती, ज्याचा मान घालवला त्याला तो परत देताना आपल्यात चढवतात तसं. सगळ्यांनी मिळून आईच्या झावळ्यांच्या शेडवर काठी उभी केली आणि तुझ्या नावाने ते चढवलं. हमीदने तुझं नाव तीनदा घेतलं, बाबांच्या नावासकट.

बावीस किलोमीटरवरून ते तुला दिसणार नाही. पण इथून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतं, आणि तो विचारतो, कोणासाठी. वाऱ्याने आज सकाळपर्यंत कडा फाटली. दुसरं कापड आणून ठेवलंय.

इलोना परवा गेली. तिच्या प्लास्टरवर डॉक्टरने दाताचं चित्र काढलंय, मुळासकट. जाताना तिने आपला पेला धुऊन फळीवर ठेवला, उजव्या टोकाला. पुढच्या हिवाळ्यात येते म्हणाली. येईल की नाही कोण जाणे. परकी माणसं तशी म्हणतात.

मी पाण्यात उतरणं थांबवलंय. टाक्या भरून देतो, लाटा मोजून देतो, कोणाला कधी शिरायचं ते किनाऱ्यावरून सांगतो. नवी पोरं ऐकतात, थोडं. संध्याकाळी सगळे गेले की मी आणि आई.

आता खरं कारण लिहितो. तुझा पेला अजून उपडाच आहे.

त्या मंगळवारपासून. मी तो उचलायला गेलो होतो. आईने माझ्या हातावर चापट मारली, पन्नाशीच्या माणसाच्या. म्हणाली, "तुझा आहे का? ज्याचा आहे तो येऊन करील." मी म्हटलं, आई, तो पाण्यात नाही, मक्न्याला आहे, तुला माहीत आहे. ती म्हणाली, "माहीत आहे. मी आंधळी आहे, वेडी नाही. पण पेला उपडा असला की बसायचं, हे तुमच्याच बापाने मला सांगितलंय." आणि ती बसते. सकाळी जाते, किटली निखाऱ्यावर ठेवते, सगळे पेले सुलटे झाले तरी उठत नाही. ऊन उतरतं, तुमच्या बाजूचे डोंगर आधी तांबूस होतात, मग राखाडी, गारठा पडतो, तेव्हा मी तिला हाताला धरून घरी आणतो. खोकला झालाय. सत्त्याऐंशीव्या वर्षी हा वारा तिच्यासाठी नाही. पण या बाबतीत ती माझं ऐकणार नाही, आणि तिने का ऐकावं ते मलाही सांगता येत नाही.

म्हणून लिहितोय. माझं अडलंय. पहिल्या पत्रातली ती ओळही खोड.

बोट सोमवारी आणि गुरुवारी आहे. रबीअ तुला आणायला तयार आहे, त्याच्या केबिनमध्ये जागा आहे. तुला माझ्याशी बोलावं लागणार नाही. सरळ किनाऱ्यावर जा, पेला सुलटा कर, आईने ओतलेला चहा पी. मग राहा किंवा जा. पट्टा खुंटीवर आहे.

मी तिच्या उजव्या बाजूला बसलेला असेन, समुद्राकडे तोंड करून. तू बाजाराच्या रस्त्याने आलास तर माझ्या डाव्या हाताने येशील. हाक मारू नकोस, त्या बाजूने मला ऐकू येत नाही. खांद्यावर हात ठेव.

स्वैलम